अंतुले साहेबांचे अर्धे पान

महाराष्ट्र दिनाच्या आधी नववीच्या वर्गाला मी एक काम दिले होते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांपैकी एक निवडायचा आणि त्यांच्याविषयी फुलस्केपचे एक पान मराठीत लिहून आणायचे. आमची शाळा उर्दू माध्यमाची. घरात दखनी, वर्गात उर्दू आणि मराठी म्हणजे आठवड्याचे मोजके तास. त्यामुळे एक पूर्ण पान भरायचे म्हटले की मुलांच्या तोंडाला फेस येतो. वह्या गोळा केल्या तेव्हा दिसले की निम्म्याहून जास्त मुलांनी एकच नाव निवडले होते. बॅरिस्टर अब्दुल रहेमान अंतुले.

वाचून आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण सगळ्यांची पाने अर्ध्यावरच संपत होती. ‘ते महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री होते. ते खूप हुशार होते. ते 1980 ते 1982 मुख्यमंत्री होते.’ बस. खाली कोरी जागा. मी एका मुलीला उभे केले आणि विचारले, “दोनच वर्षांत का गेले गं ते?”

ती जराही न थांबता म्हणाली, “निकाल दिए ना टीचर उनकू. अपने वाले थे इसलिए.”

वर्गात कुणीही मान हलवून नाही म्हटले नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. सुटले हा शब्द मुद्दाम वापरते, कारण मलाही तिच्या वयात हेच सांगितले गेले होते. माझा जन्म 1981 चा. त्याच वर्षी 1 मे रोजी जालना हा वेगळा जिल्हा झाला, आणि अम्मी अजून सांगते, “तू झालीस तेव्हा अंतुले साहेब होते.” पुढे आमच्या घरी त्यांचा विषय निघाला की अब्बा एक सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, टिकू दिले नाही. कोणी टिकू दिले नाही, काय घडले, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. शिक्षिका होऊन इतकी वर्षे झाली तरी माझेही पान अर्धेच होते. ते भरायला या सुट्टीत बसले.

अंतुलेंचा जन्म 9 फेब्रुवारी 1929 चा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या आंबेत गावचा. सावित्री नदीच्या खाडीकाठचे हे कोकणी मुसलमानांचे गाव. इकडच्या वाचकांना सांगायला हवे की कोकणी मुसलमानांची घरातली बोलीच मराठीच्या पोटातली आहे. आपल्यासारखे त्यांना मराठी ‘शिकावी’ लागत नाही. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले. 1962 साली काँग्रेसकडून विधानसभेत गेले आणि 1976 पर्यंत सलग आमदार राहिले. श्रीवर्धन हा त्यांचा मतदारसंघ. वसंतराव नाईकांच्या काळात त्यांनी मंत्रिपद सांभाळले. बंदरे, मच्छीमारी, विधी व न्याय, इमारती व दळणवळण अशी खाती त्यांच्याकडे होती. ज्या माणसाच्या मतदारसंघात एका गावाहून दुसऱ्या गावी जायला तरीत बसावे लागे, त्याला दळणवळण खाते मिळाले की तो काय करेल? पूल बांधेल. आंबेत आणि पलीकडचे म्हाप्रळ यांना जोडणारा सावित्रीवरचा पूल कोकणातले लोक आजही अंतुलेंच्याच नावाने सांगतात.

1976 मध्ये ते राज्यसभेवर गेले, काँग्रेसचे सरचिटणीस झाले. पुढच्याच वर्षी इंदिरा गांधी हरल्या, 1978 मध्ये पक्ष फुटला आणि महाराष्ट्रातले मोठमोठे पुढारी त्यांना सोडून गेले. अंतुले गेले नाहीत. 1980 मध्ये इंदिराजी परत सत्तेवर आल्या आणि महाराष्ट्राच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला 288 पैकी 186 जागा मिळाल्या तेव्हा ही निष्ठा कामी आली. 9 जून 1980 रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. पोटनिवडणुकीतून पुन्हा श्रीवर्धनचे आमदारही झाले.

इथे ‘अपने वाले’चा पहिला भाग तपासून पाहावा. एका मुसलमानाला मुख्यमंत्री करताना पक्ष कचरला नाही. त्याआधी राजस्थानात बरकतुल्ला खान, बिहारमध्ये अब्दुल गफूर, केरळात सी. एच. मोहम्मद कोया मुख्यमंत्री होऊन गेले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आसामात सय्यदा अन्वरा तैमूर मुख्यमंत्री झाल्या. (आमच्या वर्गातल्या मुलींना हे नाव एकीलाही ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी त्यांच्यावर एक पान लिहून घेणार आहे.) मुसलमान असणे हा तेव्हा खुर्चीला अडथळा झाला नाही, हे आधी कबूल करायला हवे. आणि त्यांच्यानंतर आजतागायत महाराष्ट्रात दुसरा झाला नाही, हेही तितकेच खरे. दोन्ही वाक्ये एकाच पानावर लिहायला हवीत.

त्या दीड वर्षात त्यांनी जे केले ते वाचताना माणसाचा वेग डोळ्यांपुढे उभा राहतो. फाईल हातात आली की निर्णय. 1 जानेवारी 1981 पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. शिवाजी महाराजांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला देणारा मुख्यमंत्री आंबेतचा मुसलमान होता, ही गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते आणि मुलांचे चेहरे बघत राहते. लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणाही त्यांनी केली होती. तलवार आली नाही. घोषणा करायची त्यांना हौस होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून आमचे जालना वेगळे झाले. त्याच वर्षी 27 ऑगस्टला उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत सुरू झाले. मराठवाड्याबाहेरच्यांना याचे मोल कळणार नाही. त्याआधी हायकोर्टात जायचे म्हणजे मुंबई गाठायची. रात्रीची गाडी, डब्यात भाकरी, सकाळी उतरून धर्मशाळा शोधायची, वकिलाने तारीख पडली म्हटले की तसेच परत. आमच्या चुलत्यांची जमिनीची केस अशीच चालली. खंडपीठ झाल्यावर ते सकाळच्या एसटीने जाऊन मगरिबपर्यंत घरी यायला लागले.

पण या सगळ्याहून मोठे, माझ्या मते, काम वेगळेच आहे आणि ते आपल्या मोहल्ल्यात दर महिन्याला दिसते. संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, अपंग, दुर्धर आजारी, निराधार यांना सरकारने दरमहा रोख रक्कम द्यायची, ही योजना 1980 साली अंतुलेंच्या सरकारने आणली. आपल्याकडे याला योजना कुणी म्हणत नाही. ‘पगार’ म्हणतात. “खाला का पगार चालू हुआ क्या?” 2023 मध्ये ही रक्कम महिना 1500 रुपये झाली, आणि वार्षिक उत्पन्नाची अट तेव्हा साधारणपणे 21 हजारांची होती. त्यात घर चालत नाही. पण ज्या बाईचा नवरा मेला आहे आणि जी भावाच्या दारात राहते, तिच्या नावावर महिन्याला काही येते आहे याने त्या घरात तिच्याशी बोलण्याचा सूर बदलतो. तलाक झालेल्या, पोटगी न मिळालेल्या बायकाही आज या योजनेत बसतात. कितीतरी बायकांचे अर्ज मी स्वतः भरले आहेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक, आणि दर वर्षी आपण जिवंत आहोत हे सांगणारा हयातीचा दाखला. योजनेला नाव संजय गांधींचे दिले गेले, तेही त्या वेळच्या दरबारी रीतीला धरूनच. पण योजना टिकली. सरकारे बदलली, पक्ष बदलले, ती बंद करायची हिंमत कुणाला झाली नाही.

आता पानाचा खालचा अर्धा भाग.

1981 साली सिमेंट आजच्यासारखे कुठल्याही दुकानात मिळत नव्हते. त्याच्यावर नियंत्रण होते. किती सिमेंट कुणाला द्यायचे हे सरकार ठरवी. घर बांधणाऱ्या साध्या माणसाला थोड्या पोत्यांसाठीही अर्ज करून परमिटची वाट बघत बसावे लागे, आणि बाहेर काळ्या बाजारात तेच पोते कितीतरी जास्त भावाने विकले जाई. मुंबईत इमारती उभ्या करणाऱ्या बिल्डरांना तर सिमेंट म्हणजे सोने. अंतुलेंनी याच काळात काही ट्रस्ट स्थापन केले होते. त्यातला सगळ्यात गाजलेला ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’. कलावंत, साहित्यिक यांना मदत करण्यासाठी. या ट्रस्टांकडे देणग्या येऊ लागल्या. 31 ऑगस्ट 1981 च्या इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांनी लेख लिहून दाखवले की देणगी देणारे आणि सरकारकडून सिमेंट मिळवणारे यांचा परस्परांशी संबंध आहे. एकीकडे ट्रस्टला चेक, दुसरीकडे परमिट.

देशभर गदारोळ झाला. विरोधकांनी मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज केला. 12 जानेवारी 1982 रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला. देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध आहे, असे त्यात म्हटले होते. अंतुलेंनी राजीनामा दिला. महिना संपायच्या आत बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

म्हणजे ‘निकाल दिए’ हे खरे, पण कशाने निकाल दिए? न्यायालयाच्या निकालाने. आणि निकाल कशाचा होता? त्यांच्या नमाजाचा नव्हता. सिमेंटचा होता.

त्यांच्या बाजूने जे म्हटले जाते तेही लिहिते, कारण ते खोटे नाही. पैसे त्यांच्या घरात गेले नाहीत, ट्रस्टकडे गेले. चेकने आले, पावत्या फाडल्या गेल्या. दडपून काही घेतले नाही, उजेडात घेतले. पक्षांना पैसे सगळेच पुढारी गोळा करून देत, तेही काळोखात. यांनी निदान एका चांगल्या कामासाठी केले. माझ्या अब्बांचाही युक्तिवाद हाच असे, आणि मला तो कित्येक वर्षे पटत होता.

वाचकहो, तो मला का पटत होता हे या वेळी लिहायचे ठरवले आहे. बी.एड. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली तेव्हा त्या संस्थेने अब्बांना बोलावून ‘बिल्डिंग फंड’ सांगितला होता. संस्था आपल्याच लोकांची, काम शिक्षणाचे, नियत चांगली. अम्मीच्या पाटल्या गेल्या. संस्थेने रीतसर पावती दिली. त्या पैशातून दोन वर्गखोल्या खरोखर उभ्या राहिल्या, आजही तिथे पोरे शिकतात. कुणाच्या खिशात एक पैसा गेला नाही. पण त्या दिवशी माझ्याबरोबर मुलाखतीला आणखी एक मुलगी आली होती. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. तिचे वडील हमाली करत. तिच्या घरात विकायला पाटल्या नव्हत्या.

ती पावती आमच्या घरात कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात आहे. तिच्यावर लिहिले आहे, ‘स्वखुशीने दिलेली देणगी’.

अंतुलेंच्या खटल्याची कागदपत्रे वाचताना मला ती मुलगी आठवली. कारण सिमेंटच्या गोष्टीतही एक माणूस कायम गायब असतो. ट्रस्टला देणगी देऊ न शकणारा, रांगेत उभा असलेला, ज्याच्या घराची भिंत दोन पावसाळे अर्धवट राहिली तो. परमिट ही मुख्यमंत्र्याची वस्तू नव्हती, अमानत होती. ज्याच्या हातात सही आहे त्याने सही करायच्या आधी देणगीसाठी हात पुढे केला, मग तो हात कलावंतांसाठी असो की शाळेसाठी, तर देणारा ती स्वखुशीने देतच नाही. पावतीने एवढेच कळते की पैसे मिळाले. नियंत्रणाचा तो सगळा कारभारच असा होता की सहीला किंमत यावी. फेब्रुवारी 1982 च्या अखेरीस, म्हणजे राजीनाम्यानंतर दीड महिन्याच्या आत, केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. थोडे आधी उठवले असते तर कदाचित अंतुलेंचे नाव आज फक्त निराधार योजनेबरोबर घेतले गेले असते. पण असे ‘असते’ मी वर्गात कुणाला लिहू देत नाही.

पुढची गोष्ट न्यायालयांची आहे आणि ती राजकारणापेक्षाही वाचण्यासारखी आहे. मुंबई भाजपचे रामदास नायक यांनी अंतुलेंवर भ्रष्टाचाराचा फौजदारी खटला दाखल केला. तिथे एक प्रश्न निघाला जो ऐकून माझ्या वर्गातली मुले हसली. आमदार हा ‘लोकसेवक’ असतो का? भाषणात तर प्रत्येक जण स्वतःला लोकसेवकच म्हणवतो. पण कायद्याच्या पुस्तकात लोकसेवक कोण याची व्याख्या आहे, आणि लोकसेवकावर खटला भरायचा तर आधी मंजुरी लागते. अंतुले मुख्यमंत्री राहिले नव्हते, पण आमदार होतेच. विशेष न्यायाधीशांनी म्हटले, आमदार लोकसेवक आहे, मंजुरी नाही, सबब खटला चालणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी 1984 मध्ये पाच न्यायमूर्तींनी उलट निर्णय दिला. भारतीय दंड संहितेच्या 21 व्या कलमाच्या अर्थाने आमदार लोकसेवक नाही, त्यामुळे आमदार म्हणून मंजुरीची गरज नाही, आणि ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते मुख्यमंत्रिपद तर सुटलेले आहे. खटला उच्च न्यायालयाने रोजच्या रोज चालवावा, असाही आदेश झाला.

पुढे 1988 साली भ्रष्टाचाराचा नवा कायदा आला आणि 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदार-आमदार हे त्या कायद्याप्रमाणे लोकसेवकच आहेत असे सांगितले. आज आमदाराला ती पळवाट नाही. ती बंद होण्याच्या वाटेवरचा पहिला दगड म्हणजे अंतुले-नायक खटला.

पण त्याआधी, एप्रिल 1988 मध्ये, सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने एक विलक्षण गोष्ट केली. खटला विशेष न्यायालयातून काढून थेट उच्च न्यायालयाकडे देण्याचा 1984 चा आपलाच आदेश चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. कायद्याने विशेष न्यायाधीशासमोर चालणारा खटला दुसरीकडे नेल्याने आरोपीचा एक हक्क बुडाला, आणि न्यायालयाच्या चुकीने कुणाचे नुकसान होता कामा नये. देशातले सर्वांत मोठे न्यायालय म्हणते, आमच्याकडून चूक झाली. आम्ही शिक्षक मंडळी एवढे सहज म्हणत नाही.

आणि तिसरा निकाल. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. डिसेंबर 1991 मध्ये याच दोन नावांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की खटला लवकर चालणे हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या 21 व्या कलमातून आलेला. अमुक वर्षांत संपलाच पाहिजे अशी मुदत न्यायालयाने घालून दिली नाही, पण उशीर कुणामुळे झाला, किती झाला, आरोपीचे त्यात काय नुकसान झाले हे तपासायची रीत घालून दिली. आज एखादा पोरगा तपास आणि तारखांच्या चक्रात वर्षानुवर्षे तुरुंगात अडकून पडतो, त्याचा वकील न्यायालयात उभा राहतो, तेव्हा त्याच्या तोंडी ‘अंतुले विरुद्ध नायक’ हे शब्द येतात. आपल्यातल्या किती घरांना अशा वकिलाची गरज पडली आहे हे मी लिहायला नको. एका मुख्यमंत्र्याने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली धडपड रांगेतल्या शेवटच्या कैद्याच्या उपयोगी पडली. हे काही त्यांनी समाजासेवेसाठी केले नव्हते. पण झाले.

कुठल्याही न्यायालयाने अंतुलेंना शेवटी शिक्षा दिली नाही. हेही पानावर आले पाहिजे. आणि मुख्यमंत्रिपद परत कधी मिळाले नाही, हेही.

उरलेली कारकीर्द थोडक्यात सांगते. 1989 पर्यंत ते आमदार होते, म्हणजे सगळा काळोख पाठीशी घेऊन श्रीवर्धनचे लोक त्यांच्याबरोबर राहिले. त्यानंतर कुलाबा मतदारसंघातून 1989, 1991, 1996 आणि 2004 असे चार वेळा लोकसभेवर गेले. नरसिंह रावांच्या सरकारात आरोग्यमंत्री झाले. 2006 मध्ये केंद्रात अल्पसंख्याक व्यवहार हे नवे खाते निघाले, त्याचे ते मंत्री झाले. सच्चर समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. मुलांच्या शिष्यवृत्त्या त्यांच्या खात्याने सुरू केल्या, आणि मी तेव्हा नोकरीत नवी होते. प्री-मॅट्रिकचे ते फॉर्म! 50 टक्के गुण, एक लाखाच्या आत उत्पन्न, फोटो, स्वयंघोषणा. शाळा सुटल्यावर आम्ही शिक्षिका रात्र होईपर्यंत बसायचो. पैसे थोडेच असत, पण मुलीचे नाव शाळेत राहावे म्हणून आई-बाप तेवढ्यासाठी धडपडत. 2022 मध्ये पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती केंद्राने बंद केली, नववी-दहावीपुरती ठेवली. आमच्या शाळेत त्याने काय फरक पडला हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर 2008 मध्ये, हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल त्यांनी शंका बोलून दाखवली आणि पुन्हा वादळ उठले. सरकारनेच ती शंका फेटाळली. केंद्रीय मंत्र्याने असे बोलण्याआधी हातात कागद हवा होता, असे मला वाटते. बॅरिस्टरला हे कुणी सांगायची गरज नव्हती. 2009 मध्ये अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला. 2 डिसेंबर 2014 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

हे सगळे मी वर्गाला दोन तासांत सांगितले. सिमेंटचे सांगताना मुले गप्प झाली. मग एका मुलाने विचारले, “टीचर, म्हणजे ते चांगले होते की वाईट?” मी म्हटले, परीक्षेत असा प्रश्न येत नाही. दुसऱ्याने विचारले, “पैसे खाल्ले नाहीत ना पण?” मी म्हटले, न्यायालयाने काय म्हटले ते लिही आणि पुढे काय झाले तेही लिही. ‘खाल्ले’ हा शब्द लिहू नकोस. पावतीची गोष्ट मात्र मी वर्गात सांगितली नाही. धीर झाला नाही. इथे आधी लिहिते आहे.

त्या मुलीने पान पूर्ण करून आणले. व्याकरणाच्या चुका पुष्कळ, ‘सिमेंट’ तीन तऱ्हांनी लिहिलेले. पण जिल्हा, खंडपीठ, निराधार योजना, ट्रस्ट, राजीनामा, तिन्ही निकाल, सगळे होते. मी खाली सही केली आणि सांगितले, घरी दाखव.

चौथ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. गॅरेजवर काम करतात, कपड्यांना ऑइलचा वास. खुर्चीवर बसायला तयार होईनात. म्हणाले, “टीचर, बुरा मत मानो. बाकीच्यांनी काय कमी केले? त्यांच्या पोरांना त्यांचे लोक असे शिकवतात का? आपला एकच तर होता. त्याचाच हिशेब काढायचा का आपण?”

मी त्यांना सांगितले की बाकीच्यांचाही काढतो, वर्गात सात मुख्यमंत्र्यांवर पाने आली आहेत आणि कुणाच्याच पानाला मी अर्ध्यावर सही दिलेली नाही. त्यांना ते पटले नसावे. मग मी म्हटले, “भाईजान, उद्या तुमच्या मुलीला कुणी बाहेर म्हटले की तुमचा अंतुले सिमेंटवाला होता, तर तिने काय करायचे? रडायचे? भांडायचे? की पूर्ण सांगायचे?” ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, “गॅरेजवर मला म्हटले होते एकाने. मी पान्हा फेकला होता.”

मग आवाज खाली आणून त्यांनी दुसरीच गोष्ट काढली. त्यांची विधवा बहीण त्यांच्याकडेच राहते. तिचा निराधारचा पगार तीन महिन्यांपासून जमा झालेला नाही. बँकेत म्हणतात आधार जोडलेले नाही, तहसीलमध्ये म्हणतात हयातीचा दाखला आला नाही. मुलीच्या वहीत योजनेचे नाव वाचले तेव्हा त्यांना आठवले की टीचर असे फॉर्म भरून देतात.

मी कपाटातून कोरा अर्ज काढला. ते आता खुर्चीवर बसले. नाव, वय, पत्ता, पतीच्या मृत्यूची तारीख. तारीख त्यांना पाठ होती. पासबुकाची झेरॉक्स मात्र आणलेली नव्हती. ती काढून आणायला ते पुन्हा घराकडे गेले आणि मी अर्ज वहीखाली दाबून ठेवला.